माकुळे घेऊन वलवणला

शुक्रवार : लोणावळे

लोणावळ्याला माणसे हवा खायला जातात. कोणी दुखण्यातून उठले म्हणून जातात, कोणी नुकतेच लग्न झाले म्हणून जातात. मी गेलो तो मांडीवर घासलेटचा डबा घेऊन, आणि डब्यात होता बर्फ, लाकडाचा भुसा आणि सहा माकुळे. परत आल्यापासून जो तो विचारतो, "काय, कशी काय होती हवा?" हवेकडे लक्ष द्यायला मला सवड झाली नाही, असे सांगून मी सुटका करून घेतो. पण जे तिकडे गेले नाहीत आणि ज्यांनी माकूळही पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी ही हकिकत लिहून ठेवायला हवी. तिच्यात माझी फजिती बरीच आहे. ती गाळली तर सांगण्यासारखे फार उरत नाही, म्हणून तीही लिहितो.

आमच्या अलिबागेकडे माकूळ शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. वीत-दीड वीत लांबीची पांढरट पिशवी, तिच्यावर तांबूस ठिपके, एका टोकाला दोन पंख, दुसऱ्या टोकाला भले मोठे डोळे असलेले डोके, आणि त्या डोक्यालाच फुटलेले दहा हात. आठ आखूड, दोन लांब. आपण त्याला मासळीत मोजतो, पण नाते सांगायचे तर ते गोगलगाईचे आणि शिंपल्याचे भाऊबंद. पाठीत कणा नाही, नुसते एक काचेसारखे पारदर्शक पीस. पिशवीत पाणी भरून घ्यायचे आणि मानेखालच्या नळीतून जोराने सोडायचे, की स्वारी उलटी सुसाट निघाली. संकट आले तर मागे शाईचा ढग सोडून पसार.

मी मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, आणि बारा वर्षे दरसाल माकुळे फाडून दाखवतो. तेव्हा मांडीवर त्यांचा डबा असणे यात मला काही नवल वाटत नव्हते. गाडीत शेजारी बसलेल्या एका व्यापाऱ्याला मात्र वाटले. कर्जतच्या सुमारास डब्याच्या सांध्याची झाळ सुटली आणि बर्फाचे पाणी थेट त्यांच्या नव्या वहाणांत उतरले. घाट संपेपर्यंत मी त्यांची नजर चुकवून खिडकीबाहेरचे बोगदे मन लावून मोजत बसलो.

स्टेशनावर टांगेवाल्याने नाक वर करून विचारले, "भाऊ, डब्यात काय हाय?"

"मासे."

"कुनाकडं जायाचं?"

"वलवणला, तात्या मास्तरांकडे."

"तात्यांकडं? ते तर मासं खाईत न्हाईत!"

"खायला नाहीत, पाहायला आहेत."

त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा घोड्याकडे पाहिले. "आन् तात्यांना तर दिसत न्हाई," असे तो म्हणाला खरा, पण टांगा हाकला.

त्याचे म्हणणे खरे होते. तात्या माझे गुरू. पुण्यात तीस वर्षे शिकवून ते धरणाच्या अलीकडे तीन खोल्यांचे कौलारू घर बांधून राहिले. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू ओढून नेली, आणि गेली दोन वर्षे त्यांना उजेड कुठल्या बाजूला आहे एवढेच कळते. मी फाटकाची कडी काढली तोच ओटीवरून आवाज आला, "दत्तू, अजून पाय घासत चालतोस रे!" मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझा चेहरा चाचपला आणि म्हणाले, "अंगानं सुटलास."

घर सांभाळायला हौसाबाई होती. कुरवंड्याची, चाळिशीची, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. आठवडाभर ती तात्यांकडे राहते आणि रविवारी आपल्या गावी जाते. तिने डबा माझ्या हातून घेतला, झाकण उचलून आत डोकावली, आणि मागल्या दारी मोरीपाशी ओल्या पोत्याखाली नेऊन ठेवला. मी पाठीमागून सांगितले, "मावशी, नीट सांभाळा हो. उद्या लागणार आहेत."

"व्हय व्हय, काळजी नगं," ती म्हणाली.

जेवायला आंबेमोहोराचा भात होता, वालाचे बिरडे आणि नाचणीची भाकरी. आमच्याकडे बिरड्यात नारळ नसला तर घरातली माणसे रुसतात. इथे नारळाचा पत्ता नव्हता, लसूण मात्र सढळ हाताची, आणि भाताचा वास असा की नुसत्या मिठाशी खावा. मी तिसऱ्यांदा भात घेतल्यावर हौसाबाईची माझ्यावर मर्जी बसली असावी.

हात धुऊन ओटीवर बसलो तेव्हा तात्यांनी मला बोलावण्याचे कारण सांगितले. तात्या मराठी शाळांसाठी समुद्रातल्या प्राण्यांवर एक पुस्तक लिहीत होते. डोळे होते तोवर निम्मे लिहिले, उरलेले शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतले. ते तपासणाऱ्या समितीकडून पत्र आले होते. माकुळाच्या पाठात 'या प्राण्याची अन्ननलिका त्याच्या मेंदूच्या मधून जाते' असे एक वाक्य होते. समितीचे म्हणणे, हे विधान ऐकून मुले हसतील. एकतर पाठ गाळावा, नाहीतर सध्या हा विषय शिकवत असलेल्या एखाद्या शिक्षकाचा दाखला जोडावा.

"एवढंच ना?" मी म्हणालो आणि खिशातून कागद काढला. "तुमच्या पत्रावरून अंदाज आला होता. दाखला लिहूनच आणलाय, सहीसकट."

"काय पाहून सही केलीस?"

आमच्या वर्गात पोट उघडण्यापुरताच वेळ पुरतो. माकुळाचे डोके मी कधी उघडले नव्हते. "तात्या, तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर बघायचं काय?"

"वा! म्हणजे मी तुझ्या सहीवर आणि तू माझ्या लिहिण्यावर. दोघे आंधळे एकमेकांचा हात धरून निघालो." ते हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "दत्तू, खरं सांगू? ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं का कुठं वाचलं होतं, हेच मला आता आठवत नाही. डोळे गेले त्याचं एवढं दुःख नाही. पण पाहिलेलं आणि वाचलेलं आत एकमेकांत मिसळून गेलं, त्याची मला भीती वाटते. न पाहिलेलं मी जन्मात कधी छापलं नाही. उद्या तू डोकं उघड, मी बोटं लावीन. लागलं बोटाला तर वाक्य राहील. नाही लागलं तर पाठ आपणच काढून टाकू."

मला त्यांची फार कीव आली, आणि स्वतःची थोडी लाज वाटली. दाखला मी गुपचूप खिशात घातला.

शनिवार : वलवण

सकाळी लवकर धरणाकडे गेलो. तात्यांना उठायला अवकाश होता. कार्तिकातली थंडी, कापलेल्या भाताची खाचरे, बांधावर रचलेले भारे. पाणी इतके स्तब्ध की पलीकडचे डोंगर त्यात उलटे उभे राहिलेले. हे पाणी नळांतून खाली कोकणात सोडतात आणि त्यावर मुंबईचे दिवे लागतात, असे एका राखणदाराने मला सांगितले. समुद्राची वाफ डोंगरावर येऊन पडायची आणि वीज होऊन परत समुद्राकाठी जायची, हा व्यवहार मला गमतीचा वाटला. मी एका दगडावर बसून तात्यांना काय काय दाखवायचे ते मनात जुळवले. आधी शाईची पिशवी, मग कल्ल्यांच्या बुडाशी असलेली दोन लहान हृदये, मग मधले तिसरे मोठे, आणि शेवटी डोके. चांगला दोन तासांचा कार्यक्रम आखला.

परतलो तो मागल्या दारी केळीच्या पानावर सहा पांढऱ्याशुभ्र पिशव्या ओळीने मांडलेल्या. ना कातडे, ना ठिपके, ना आत काही. शेजारी राखेचे टोपले, आणि दगडावरून काळ्या पाण्याचे ओघळ थेट उकिरड्यापर्यंत गेलेले.

"मावशी! हे काय केलंत?"

"साफ केलं," हौसाबाई हात पुसत म्हणाली. "लय वंगाळ मासं, भाऊ. एकाचं पोट फुटलं तर दौत सांडल्यागत काळं झालं समदं. तीन डाव राखंनं चोळलं तवा कुटं पांढरं आलं."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. अडाणी हा शब्द त्यात होता, आणि तो आठवला की अजून मान खाली जाते. मुंबईहून सांभाळत आणलेली माकुळे, तात्यांचा पाठ, सगळे त्या उकिरड्यात गेले असे मला वाटले.

हौसाबाईने ते उभ्याने ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुमीच म्हनलात, नीट सांबाळा, उद्याला लागत्यात. पावण्यानं आनल्यालं मासं बिनधुतलं ऱ्हायलं आन् घान सुटली, तर गावात घरच्या बाईची अब्रू जाती. पावणा उठायच्या आदी धुऊन ठेवायचं, ही आमची रीत. तुमच्यात मासं वास मारूस्तवर ठेवत असतील."

एवढ्यात तात्या भिंत धरत धरत बाहेर आले. सगळा प्रकार त्यांनी ऐकला होता. त्यांनी एकच विचारले, "हौसा, डोकी कुठं आहेत?"

"मुंडकी? मुंडकी कुनी टाकतं व्हय?" तिला तो प्रश्नच विचित्र वाटला. "घरच्या वडलांची असत्यात ती. वाडग्यात झाकून ठेवलीत. तुमी खाईत न्हाई, पर मान तुमचाच."

मी धावत जाऊन वाडगे उघडले. सहाही डोकी, दहा-दहा हातांसकट, राखेने स्वच्छ घासलेली, जशीच्या तशी होती. मावळात माशाचे मुंडके घरातल्या वडीलधाऱ्याच्या ताटात पडते. ती रीत नसती तर माझा प्रवास तिथेच संपला होता. मी हौसाबाईची माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, पण माझ्याकडे पाहिले नाही.

तात्यांनी तिला ओटीवर बसवून घेतले. "पोटात काय काय सापडलं ते सांग. ओळीनं सांग."

माझ्या विद्यार्थ्यांनी असे उत्तर दिले असते तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. मुंडके ओढले की पोटातले सगळे त्याच्याच मागे आले, म्हणाली. पाठीशी काचेचे पीस, लवचीक, मोरपिसासारखे मध्ये दांडी असलेले. दोन बाजूंना दोन फणीसारखे पांढरे, आणि प्रत्येकाच्या मुळाशी मसुराएवढा एक मऊ गोळा. मध्ये आणखी एक. रक्त म्हणावे तर तांबडे काहीच नाही. "आन् कातडं मेल्यावर बी हलत हुतं, तात्या. ठिपकं मोठं व्हायाचं, बारीक व्हायाचं. म्या दोनदा हात काढून घेतला."

"ते तीन गोळे म्हणजे त्याची तीन काळजं," तात्या म्हणाले. "दोन कल्ल्यांना रक्त पुरवतात, एक सगळ्या अंगाला. रक्त निळसर असतं, कारण आपल्या रक्तात लोह असतं तसं त्याच्यात तांबं."

मग आम्ही डोके घेतले. दहा हातांच्या मधोमध तोंड, आणि तोंडात राघूसारखी काळी चोच. फरक एवढाच, राघूची वरची चोच खालचीवर येते, याची खालची वरचीवर. चोचीच्या मागे, दोन डोळ्यांच्या मध्ये, कूर्चेची एक टणक डबी असते. तिच्यात मेंदू. मी बाजूचे मांस चिमट्याने काढले, डबी मोकळी केली, आणि केरसुणीची एक हीर घेऊन ती तोंडातून हळूच आत सारली. तात्यांनी डबी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरली होती.

"सार. मागं घे. पुन्हा सार."

हीर डबीच्या मागच्या भोकातून बाहेर आली. मी ती मागेपुढे करत राहिलो. तात्यांनी दुसऱ्या हाताच्या नखाने डबीची वरची बाजू खरवडली, आतला मऊ गोळा चाचपला, मग खालची बाजू, मग पुन्हा वरची. असे त्यांनी तीन डोक्यांचे केले.

"आहे," ते म्हणाले. "वर मेंदू, खाली मेंदू, आणि मधून घास. दत्तू, मी खरं लिहिलं होतं रे." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले. इतक्या लहानशा भोकासाठी मी कधी इतका आनंदलो नव्हतो.

हौसाबाई विचारात पडली होती. "तात्या, मोटा घास घेतला तर?"

"मेंदूवर दाब येतो. म्हणून ते बिचारं चोचीनं बारीक तुकडे करूनच गिळतं."

"आमच्या धन्याला आसं डोस्कं पायजे हुतं," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

मी डोळ्याचे भिंगही काढून तात्यांच्या तळहातावर ठेवले. वाटोळे, कठीण, मण्याएवढे. ते बराच वेळ त्यांनी बोटांत फिरवले. "याचा डोळा आपल्यासारखाच, पण एका बाबतीत सरस. आपल्या डोळ्यात मज्जातंतू पुढून मागे जातो, तिथं एक आंधळा ठिपका राहतो. याचे तंतू मागच्या मागेच जातात, त्यामुळे ठिपका नाही." मग हसून म्हणाले, "माझा ठिपका जरा जास्तच पसरला."

दुपारी त्यांनी मला तो पाठ पहिल्यापासून वाचायला लावला. एकदा सगळा ऐकून उद्या टपालात टाकायचा, असा बेत होता. हौसाबाई दारात तांदूळ पाखडत बसली होती. मी वाचत होतो, "दहाही हातांवर मुळापासून टोकापर्यंत चिकटणाऱ्या वाट्यांच्या ओळी असतात..."

"न्हाईत," हौसाबाई म्हणाली.

मी थांबलो. "काय नाहीत?"

"दहांना न्हाईत. आठांना हाईत. ते दोन लांबडं हाईत ना, त्यांचा दांडा गुळगुळीत हाय. निस्त्या टोकाला हाईत वाट्या, करवतीगत. म्या एकेक हात राखंनं चोळलाय, भाऊ. आठांवर राख बसत हुती, त्या दोघांवरनं घसरत हुती."

"मावशी, तुमच्या घासण्यानंच त्या निघाल्या असतील," मी म्हणालो. हे मी सकाळी माफी मागितल्यानंतर चार तासांनी म्हणालो, हेही लिहून ठेवतो.

तात्यांनी नुसता हात पुढे केला. मी वाडगे दिले. एकेक डोके घेऊन ते लांब हात शोधत, मुळापासून टोकापर्यंत बोट नेत. पहिले. दुसरे. सहाच्या सहा पाहून झाल्यावर त्यांनी वाडगे खाली ठेवले.

"बोडके आहेत," ते म्हणाले. "दोन्ही देठ बोडके. वाट्या टोकालाच."

त्यांचा आवाज इतका पडला की हौसाबाई सूप ठेवून उठली. "माजं काय चुकलं का, तात्या?"

"तुझं नाही, बाई. तीस वर्षं मी चुकत होतो." मग त्यांनी आठवून आठवून सांगितले. पहिली आकृती त्यांनी बाटलीतल्या नमुन्यावरून काढली होती. औषधात ते दोन हात आखडतात, आणि टोकच तेवढे दिसते. पुढे ताजी माकुळे आली, पण आकृती तयार होती, आणि लक्ष असे ते पोटात. "मी बाटली पाहिली, दत्तू. माकूळ नाही पाहिलं. आणि गंमत बघ. समितीनं खरं वाक्य धरलं आणि खोट्याला हातसुद्धा लावला नाही."

त्यांनी ते वाक्य खोडायला लावले आणि नवे सांगितले. मी लिहून घेत असता ते सहज म्हणाले, "तू तर दरसाल ताजी फाडतोस. तुला दिसलं नव्हतं?"

बारा वर्षे मी फळ्यावर त्यांचीच आकृती काढत आलो होतो, दहाही हातांवर वाट्यांसकट. माकूळ शेजारी ताटात पडलेले असे.

"शंका आली होती एकदोनदा," मी म्हणालो.

"बरं," तात्या म्हणाले.

रविवार : कुरवंडे

हौसाबाईने दोघांनाही आपल्या गावी चला म्हटले. तात्यांच्या चुलीवर मासे शिजत नाहीत, तेव्हा माकुळांच्या त्या पांढऱ्या पिशव्या तिच्याबरोबर कुरवंड्याला निघाल्या, आणि मागोमाग बैलगाडीतून आम्ही. रस्ता चढाचा. वाटेत गवत कापणाऱ्या बायका गाडी थांबवून तात्यांची विचारपूस करत होत्या. नागफणीचा सुळका डावीउजवीकडून डोकावत गावापर्यंत सोबत आला.

घरासमोरच्या खळ्यात भात झोडणे चालले होते. हौसाबाईचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत, एका बाजेवर बसून देखरेख करत होते. तरुणपणी त्यांनी खालच्या कोकणातून गावाखालच्या घाटाने पाठीवर मीठ आणि सुकी मासळी आणली होती. त्यांनी माकुळाची पिशवी हातात घेऊन उलटीपालटी केली. "वाळल्याली बघितली हुती म्या, खाली बाजारात. वल्ली आज बघितली. ह्याला तीन काळजं म्हनं?"

"तीन," तात्या म्हणाले.

"मंग लय मायाळू आसंल."

"आई तर आहेच. अंडी घालते, जेलीसारख्या बोटांच्या झुबक्यांत, समुद्राच्या तळाला चिकटवून. आणि बहुतेक तिथंच संपते. सारा जन्म सालभराचा."

आबांनी खळ्याकडे पाहिले. "म्हंजी भातागत. लोंबी दिली का वाळून जायाचं."

तात्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "पाठ लिहिताना हे सुचायला हवं होतं. मुलांना लगेच कळलं असतं."

जेवणाबद्दल खरे लिहायचे तर हौसाबाईने माकूळ मटणासारखे शिजवले होते. आमच्याकडे ते क्षणभर परततात, नाहीतर चामडे होते. तिने झणझणीत मसाल्यात तासभर रटरटवले होते. पहिल्या घासाला माझी दाढ हलली. पण रस्सा असा जमला होता की मी चार भाकऱ्या खाल्ल्या, आणि तुकडे न चावताच गिळले. माझा मेंदू घशात नाही हे बरे झाले. आबांनी एक तुकडा तोंडात घोळवून शेवटी कुत्र्याला टाकला, आणि कुत्र्यानेही बराच विचार केला.

उन्हे कलल्यावर तात्या म्हणाले, "मला कड्याजवळ ने." मी त्यांना हाताला धरून नेले. खालून वारा येत होता. त्यांनी काठी दगडात रोवली. "सांग काय दिसतं ते."

"खाली कोकण. शेतं. आगगाडीचा रूळ. एक तळं चकाकतंय."

"समुद्र दिसतो का? लोक म्हणतात, स्वच्छ दिवशी दिसतो."

माझ्या ओठांवर 'हो' आले होते. म्हाताऱ्याला बरे वाटले असते. मी डोळे ताणून पाहिले. "नाही, तात्या. पलीकडे नुसतं धुरकट आहे. आणि काल मी खोटं बोललो. मला कधीच शंका आली नव्हती."

"ठाऊक आहे मला. शंका आली असती तर तू मला पत्र टाकलं असतंस." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यात राग नव्हता, आणि राग असता तर मला हलके वाटले असते. "तो दाखला काढ. फाड. नवा लिही, आणि काल स्वतः पाहिलंस तेवढंच लिही. हाताबद्दलची दुरुस्ती हौसाबाईंनी दाखवली, हेही त्यात घाल."

मी तिथेच दगडावर कागद ठेवून लिहिले आणि त्यांना वाचून दाखवले. एक विशेषण त्यांनी काढायला लावले. कड्यावरून परत येऊन हौसाबाईला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "माजं नाव सरकारात कशाला?" पण ते पाकिटात घालताना तिने हात धुऊन येऊन पाकीट स्वतः धरले होते. संध्याकाळी लोणावळ्याच्या टपालात ते टाकून मी गाडी पकडली. पुस्तक अजून छापखान्यात आहे, पण पाठ त्यात कायम आहे, हौसाबाईच्या वाक्यासकट.

सोमवार : मुंबई

वर्गात गेलो तेव्हा फळ्यावर मी काहीच काढले नाही. टेबलावर ताजी माकुळे होती. मी सांगितले, "गेली बारा वर्षं मी जी आकृती काढत आलो ती चूक आहे. दोन लांब हातांच्या देठांवर वाट्या नसतात. तुम्ही स्वतः बघा." कबुली दिली एकदाची, असे वाटले.

पहिल्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली. अभ्यासू, क्वचित बोलणारी मुलगी.

"सर, मागं तुम्ही फाडून दाखवलं तेव्हाच आम्हांला दिसलं होतं ते."

"मग बोलला का नाहीत?"

ती शेजारणीकडे पाहू लागली. मी म्हटले, बोला, मी रागावणार नाही.

"पुढच्या वर्गातल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, सर. ताटात काहीही असो, फळ्यावर असेल तशीच काढायची. बोडका देठ काढला तर गुण जातात."

तिने पुढच्या वर्गातल्या कोणाची तरी जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. आकृती सुरेख होती, देठ बोडके होते. आणि त्या बोडक्या देठांवर तांबड्या पेन्सिलीने, एकेक करून, टोकापर्यंत वाट्या काढलेल्या होत्या. खाली माझ्याच अक्षरात शेरा होता : 'नीट पाहून काढा.'